कॉन्ट्रॅक्ट चेनवर, माणसं पानावर

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या दुबईस्थित क्रिप्टो एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे चार लाख ईथर निघून गेले. त्या दिवशीच्या भावाने ही रक्कम दीड अब्ज डॉलरच्या घरात जाते. वॉलेट साधंसुधं नव्हतं. पैसे हलवायचे तर अनेक जणांच्या सह्या लागाव्यात अशी त्याची रचना होती, आणि ती रचना राबवणारं 'सेफ' नावाचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम, वर्षानुवर्षं वापरात असलेलं, पुन्हा पुन्हा तपासून घेतलेलं होतं. त्या कॉन्ट्रॅक्टने त्या दिवशीही लिहून दिलेल्या नियमांप्रमाणेच काम केलं. गडबड वेबच्या पानात होती. सेफच्या एका डेव्हलपरच्या संगणकात शिरून चोरांनी वेबसाइटवरची जावास्क्रिप्ट बदलली होती, आणि तीही अशा बेताने, की बाकी सगळ्यांना पान नेहमीसारखं दिसावं आणि बायबिटच्या व्यवहाराच्या वेळीच तिने आपला हात दाखवावा. सही करणाऱ्यांना पडद्यावर रोजच्यासारखा एक व्यवहार दिसला. सही मात्र वॉलेटचा ताबाच दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या व्यवहारावर झाली. पाचच दिवसांत एफबीआयने या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं जाहीर केलं.

त्याआधी सात महिने, जुलै २०२४ मध्ये, वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले होते. तिथेही अनेक सह्यांचं वॉलेट होतं. पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली भलत्यावर, असं वझीरएक्सने तेव्हा सांगितलं. ज्या कंपनीचा तो पडदा होता तिने आपल्याकडे चूक नसल्याचं म्हटलं. कोणाचं खरं, हा इथला विषय नाही. भांडण कशावरून झालं ते महत्त्वाचं : कॉन्ट्रॅक्टच्या कोडवर बोट कोणी ठेवलं नाही, वाद होता माणसाला काय दाखवलं गेलं याचा.

प्रोग्रामिंगच्या पुस्तकाची सुरुवात चोऱ्यांनी करायला कारण आहे. हे पुस्तक ईथरियमवर एक लहानसा प्रकल्प मुळापासून उभा करायला शिकवतं. सॉलिडिटीत कॉन्ट्रॅक्ट लिहायचं, त्याच्या चाचण्या घ्यायच्या, ते टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या चेनवर, चढवायचं आणि त्याला ब्राउझरमध्ये चालणारं पान जोडायचं. या विषयावरच्या बहुतेक शिकवण्यांत सगळी मेहनत कॉन्ट्रॅक्टवर खर्च होते आणि शेवटी, वेळ उरला तर, 'आता याला एक पान लावून टाकू' अशा थाटात फ्रंट-एंड येतं. ही वाटणी मला चुकीची वाटते. कॉन्ट्रॅक्ट कितीही भक्कम असलं तरी ते वाचून सही करणारा माणूस लाखात एखादा. बाकीचे पानावर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवून बटण दाबतात. म्हणून इथे पान पहिल्या दिवसापासून सोबत आहे, आणि पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग या दोघांच्या सांध्यावर खर्च झाला आहे.

थोडा इतिहास, लवकर उरकतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट ही कल्पना निक झाबो यांनी १९९० च्या दशकात मांडली. नाणं टाकलं की वस्तू देणारं यंत्र हे त्यांचं आवडतं उदाहरण : अटी यंत्रातच घडवलेल्या, मध्ये दुकानदार नाही. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं. त्यात पैशांची नोंद सर्वांनी मिळून ठेवायची सोय होती, पण हवा तसा प्रोग्राम चालवायची जवळजवळ नव्हती. ती उणीव भरून काढायचा प्रस्ताव विटालिक बुटेरिन यांनी २०१३ च्या अखेरीस लिहिला, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. ३० जुलै २०१५ रोजी ईथरियम सुरू झालं. त्याच्यासाठी बनलेली सॉलिडिटी ही भाषा दिसायला जावास्क्रिप्टच्या वळणाची आहे, आणि तिथेच नवशिका फसतो. वळण ओळखीचं वाटतं म्हणून सवयीही तिकडच्याच येतात. वेबवर चूक झाली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पुन्हा चढवता येते. चेनवर गेलेला कोड तसाच राहतो.

याची जाणीव सगळ्यांना पहिल्यांदा झाली ती १७ जून २०१६ रोजी. 'द डाओ' नावाच्या सामाईक गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे परत देण्याची एक क्रिया होती. ती आधी पैसे पाठवायची आणि मग 'याला दिले' अशी नोंद करायची. पैसे घेणाराही कॉन्ट्रॅक्ट असू शकतो आणि पैसे हातात पडताच तो पुन्हा तीच क्रिया बोलावू शकतो, हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. नोंद व्हायच्या आत पुन्हा, आणि पुन्हा. ३६ लाख ईथर असे काढून घेतले गेले. शेवटी महिन्याभरात ईथरियमने चेनचे नियमच बदलून ते पैसे परत मिळवले. ज्यांना ते मान्य नव्हतं ते जुन्याच चेनवर राहिले, आणि ती आजही ईथरियम क्लासिक म्हणून चालू आहे. दोन ओळींचा क्रम उलटा लागला, एवढीच काय ती चूक होती. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पॅरिटी वॉलेटच्या सामाईक लायब्ररीची मालकी कोणी घेतलेलीच नव्हती. एका अनोळखी वापरकर्त्याने ती घेतली आणि लायब्ररीच नष्ट केली. तिच्यावर अवलंबून असलेल्या वॉलेटांमधले पाच लाखांहून अधिक ईथर तेव्हापासून अडकून पडले आहेत. चोरीही झाली नाही, सगळ्यांना दिसतात, कोणालाच काढता येत नाहीत.

आता पुस्तकातल्या प्रकल्पाकडे येतो. शिकण्यासाठी टोकन बनवायचं किंवा चित्रांची विक्री मांडायची, अशी पद्धत पडून गेली आहे. मी भिशी निवडली. दहा जणी, दरमहा ठरलेला हप्ता, दहा महिने. दर महिन्याला चिठ्ठी निघते, जिचं नाव येईल ती सगळी रक्कम उचलते, आणि एकदा उचललेलीची चिठ्ठी पुढच्या महिन्यात डब्यात पडत नाही. नियम सगळ्यांना पाठ आहेत, कोड शंभर-सव्वाशे ओळींत बसतो, आणि तरीही या तंत्राच्या जवळपास सगळ्या अडचणी त्यात भेटतात. मुख्य म्हणजे हे तंत्र काय करू शकत नाही, तेही भिशी लवकर दाखवून देते.

पहिली अडचण चिठ्ठीची. घरच्या भिशीत एखाद्या लहान मुलाला बोलावून डब्यात हात घालायला सांगतात. चेनवर ते मूल आणायचं कुठून? ईथरियमचा प्रत्येक नोड, म्हणजे त्याच्या जाळ्यातला प्रत्येक संगणक, तोच कोड चालवून तेच उत्तर काढतो, उत्तर जुळलं तरच ब्लॉक मान्य होतो. सगळ्यांचं उत्तर हमखास जुळणाऱ्या यंत्रात नशिबाला जागा नसते. नवशिका ब्लॉकची वेळ घेतो, तिला दहाने भागतो आणि बाकीवरून नाव काढतो. हे गणित सगळ्यांसमोर आहे. एखादी चतुर सभासद स्वतःचं छोटं कॉन्ट्रॅक्ट लिहून आत तेच गणित आधी करते, आपलं नाव येत असेल तरच सोडत बोलावते, नाहीतर व्यवहार मागे फिरवते. गॅसचे, म्हणजे व्यवहार चालवण्याच्या शुल्काचे, चार पैसे जातात, भिशी मात्र पहिल्याच महिन्यात तिची. यावर दोन उपाय पुस्तकात करून पाहिले आहेत. एकात सगळ्या जणी आधी आपापला गुप्त आकडा झाकून नोंदवतात आणि मग उघड करतात. दुसऱ्यात बाहेरच्या सेवेकडून पडताळता येणारा यादृच्छिक आकडा घेतला जातो. पहिल्यात एखादी आकडा उघडच करत नाही तेव्हा काय, हा प्रश्न उरतो. दुसऱ्यात बाहेरच्या कोणावर तरी भिस्त ठेवावी लागते. मला पहिला जास्त आवडतो, पण दहापैकी एक जण गावाला गेली की तो अडतो, हेही खरं.

दुसरी अडचण घड्याळाची. कॉन्ट्रॅक्ट आपणहून जागं होत नाही. एक तारीख उजाडली म्हणून ते सोडत काढत नाही. कोणीतरी व्यवहार पाठवून त्याला हलवावं लागतं, आणि त्या हलवण्याचा गॅसही कोणीतरी भरायचा असतो. भिशी चालवणारी बाई फोन करून हप्त्याची आठवण करून देते. ते काम कॉन्ट्रॅक्टच्या आवाक्यात येत नाही, ते पानाने किंवा माणसानेच करायचं.

तिसरी सगळ्यात मोठी. पहिल्या महिन्यात जिचा नंबर लागला तिने दुसऱ्या महिन्यापासून हप्ताच भरला नाही, तर कॉन्ट्रॅक्ट काहीही करू शकत नाही. दुसऱ्याच्या वॉलेटमधून त्याच्या परवानगीशिवाय पैसे काढायची सोय नाही, आणि नसलेलीच बरी. मग उरलेल्या नऊ हप्त्यांची अनामत आधीच घ्यावी का? घेता येते, कोडही सोपा आहे. पण एवढी रक्कम जिच्या हातात आहे ती भिशीत येईलच कशाला! गल्लीतली भिशी ज्या जोरावर चालते तो ओळखीचा जोर असतो : चुकवलं तर रोज जिन्यात गाठ पडणार. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमुळे विश्वासाची गरजच संपते, असं उत्साही मंडळी सांगतात तेव्हा मला ही अनामत आठवते. विश्वासाच्या जागी आधी भरलेले पैसे ठेवले की विश्वास लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि आधी भरायला पैसे असणं ही चैन आहे. जिथे पैसे आधीच मध्यस्थाकडे पडून असतात, लिलाव, अनामती, दोन टोकनांची अदलाबदल, तिथे हे तंत्र शोभून दिसतं. उधारीच्या व्यवहारात ते अडखळतं. पुस्तकातली भिशी म्हणूनच अभ्यासाची भिशी आहे. खऱ्या चिटफंडाला १९८२ चा केंद्रीय कायदा लागू होतो, आणि खऱ्या क्रिप्टो मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. आपण टेस्टनेटच्या बिनकिमती ईथरवर काम करणार असल्यामुळे या दोन्हींचा संबंध येत नाही, आणि येऊ देऊही नये.

चौथी गंमत मराठीत लिहिणाऱ्यालाच भेटेल अशी आहे. सभासदांची नावं कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवावीत असं पहिल्यांदा वाटतं. सॉलिडिटीत ३२ बाइटांचा एक ठरावीक कप्पा स्वस्त पडतो आणि इंग्रजी नावं त्यात सहज मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'सावित्रीबाई' हे नाव अकरा चिन्हांचं, म्हणजे ३३ बाइटांचं भरतं. कप्प्यापेक्षा एकाने जास्त! लांब मजकूर साठवायची सोय आहे, पण जास्त जागा म्हणजे जास्त गॅस. साठवणुकीची एक नवी जागा भरायला वीस हजारांहून अधिक गॅस लागतो, जवळपास तेवढाच साध्या पैसे पाठवण्याच्या पूर्ण व्यवहाराला. नावं चेनवर न ठेवण्याला याहून मोठं कारणही आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये एखादी गोष्ट 'प्रायव्हेट' म्हणून लिहिली तरी तिचा अर्थ दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला ती थेट मागता येत नाही, एवढाच. नोडला विचारून ती कोणीही वाचू शकतं. कोणी कधी हप्ता चुकवला, हे बाईच्या नावासकट जगाला कायमचं दिसत राहावं असं भिशीतल्या कोणालाही वाटणार नाही. नावं पानावर, पत्ते चेनवर, अशी वाटणी आपण केली आहे.

हत्यारांबद्दल आता सांगायला हवं, कारण या विषयात निम्मी हार मांडामांडीतच होते. जुने व्हिडिओ बघून सुरुवात करणारा पहिल्या तासातच अडकतो, आणि दोष त्याचा नसतो. ट्रफल आणि गनाश ही एके काळी सर्वांच्या हातातली साधनं. ती बंद करत असल्याचं त्यांच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. वेब-थ्री-जेएस ही सर्वात जुनी लायब्ररी २०२५ मध्ये थांबवण्यात आली. टेस्टनेटची तर रांगच गेली आहे. ईथरियमच्या टेस्टनेटांना रेल्वे-मेट्रोच्या स्थानकांची नावं द्यायची चाल आहे : रॉपस्टेन आणि रिंकबी स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, गोर्ली बर्लिनचं. ही सगळी बंद झाली. अथेन्सचं सेपोलिया चालू आहे आणि आपण तेच वापरतो. २०२५ मध्ये आलेलं हुडी तर आपल्या बंगळुरूचं. भारतीय संस्थापकांनी सुरू केलेल्या पॉलिगॉन या चेनच्या टेस्टनेटचं नावच मुंबई होतं. तेही एप्रिल २०२४ मध्ये बंद पडलं, पण इंटरनेटवरच्या असंख्य धड्यांत 'मुंबईवर डिप्लॉय करा' ही ओळ अजून जशीच्या तशी आहे आणि विद्यार्थी तिथे डोकं आपटत बसतात.

कॉन्ट्रॅक्टच्या बाजूसाठी मी फाउंड्री घेतली आहे. हार्डहॅटही उत्तम आहे आणि जावास्क्रिप्टमधून आलेल्याला तो जवळचा वाटेल. फाउंड्रीत चाचण्याही सॉलिडिटीतच लिहायच्या असतात, त्यामुळे शिकणाऱ्याला भाषेपासून पळता येत नाही, हा माझा हेतू. दुसरं कारण तिच्या यादृच्छिक चाचण्या. 'हप्ता कितीही असो, भरलेली बेरीज आणि कॉन्ट्रॅक्टमधली शिल्लक जुळली पाहिजे' एवढं लिहिलं की ती स्वतः वेगवेगळे आकडे घालून, मुळात २५६ वेळा, ते तपासते. शून्य हप्ता किंवा अवाढव्य हप्ता हे आकडे आपल्याला सुचत नाहीत, तिला सुचतात. सोबत अॅन्व्हिल नावाची स्थानिक चेन येते. आपल्याच लॅपटॉपवर चालणारी, सुरू होताच दहा खाती आणि प्रत्येकात दहा हजार खोटे ईथर देणारी. या खात्यांच्या प्रायव्हेट की जगभर सगळ्यांच्या पडद्यावर सारख्याच छापल्या जातात. त्या पत्त्यांवर चुकूनही खरे पैसे पाठवू नयेत. उचलून न्यायला प्रोग्राम टपलेले असतात.

फोल्डरची मांडणी अगदी साधी ठेवली आहे. एकाच गिट रिपॉझिटरीत दोन फोल्डर : एकात कॉन्ट्रॅक्ट, दुसऱ्यात वेब. दोघांना जोडणाऱ्या गोष्टी दोनच. पहिली म्हणजे कॉन्ट्रॅक्टचा पत्ता. दुसरी एबीआय, म्हणजे कॉन्ट्रॅक्टला कोणकोणत्या क्रिया आहेत आणि त्या काय घेतात-देतात याची कंपायलरने काढून दिलेली यादी. या दोन गोष्टी हाताने चिकटवायच्या नाहीत, हा पुस्तकातला मी सर्वात हट्टाने पाळलेला नियम. कॉन्ट्रॅक्ट पुन्हा चढवलं की पत्ता बदलतो. जुना पत्ता पानात राहिला तर पान मरत नाही. ते जुन्या कॉन्ट्रॅक्टशी आनंदाने बोलत राहतं, हप्ते तिकडे भरले जातात आणि आपण नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते शोधत बसतो. म्हणून डिप्लॉय करणारी स्क्रिप्टच दोन्ही गोष्टी वेबच्या फोल्डरमध्ये लिहिते, चेनच्या क्रमांकासकट. सेपोलियाचा क्रमांक १११५५१११, मुख्य ईथरियमचा १, अॅन्व्हिलचा ३१३३७. वापरणाऱ्याचं वॉलेट भलत्याच चेनवर असेल तर पानाने बटण दाखवायच्या आधीच ते सांगायला हवं.

गुपितांचंही तसंच. डिप्लॉय करायला लागणारी प्रायव्हेट की साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल चुकून गिटवर चढवण्याचे प्रकार इतके होतात की ते शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत. फाउंड्रीत की पासवर्डने कुलूपबंद ठेवायची सोय आहे, आपण तीच वापरतो. वेबच्या बाजूला सापळा आणखी गोड आहे. वीट किंवा नेक्स्ट या वेब बांधणीच्या साधनांमध्ये ठरावीक उपसर्ग लावलेलं प्रत्येक मूल्य बांधणीच्या वेळी थेट ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्ये छापलं जातं. 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल' हे भारदस्त नाव ऐकून ते गुप्त असेल असं वाटतं, प्रत्यक्षात पान उघडणारा कोणीही ते वाचू शकतो.

मग पान स्वतः. त्याची दोन कामं मुळात वेगळी आहेत, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा फ्रंट-एंड समजतो. वाचणं फुकट असतं : कोणत्याही नोडला विचारा, वॉलेट लागत नाही, सही लागत नाही. तेव्हा 'आधी वॉलेट जोडा, मग काहीतरी दिसेल' असं पान बनवणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. भिशीत किती जमा झाले, हे वॉलेट नसलेल्यालाही दिसलं पाहिजे. लिहिण्याला सही लागते, गॅस लागतो आणि वेळ लागतो. ईथरियमवर दर बारा सेकंदांनी ब्लॉकची पाळी येते. बटण दाबल्यापासून हप्ता खरोखर जमा होईपर्यंत व्यवहार अनेक अवस्थांतून जातो : वॉलेट उघडलं, माणसाने नकार दिला किंवा सही केली, व्यवहार रांगेत आहे, ब्लॉकमध्ये आला, आणि ब्लॉकमध्ये येऊनही कॉन्ट्रॅक्टने तो फेटाळला. ही शेवटची अवस्था बहुतेक जण विसरतात आणि फेटाळलेल्या व्यवहारावर हिरवी बरोबरची खूण दाखवून मोकळे होतात. प्रत्येक अवस्थेला मराठीत काय लिहायचं, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. कॉन्ट्रॅक्टने फेटाळण्याचं कारण थोडक्या सांकेतिक रूपात द्यावं आणि पानाने त्याचं 'या महिन्याचा हप्ता तुम्ही आधीच भरला आहे' असं माणसाळलेलं वाक्य करावं, ही वाटणी गॅसही वाचवते.

आकड्यांचा घोळ इथेच भेटतो. चेनवर अपूर्णांक नाहीत. एक ईथर म्हणजे एकावर अठरा शून्यं एवढे वेई, आणि सगळा हिशेब वेईत. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच बिनचूक असतो. वेईत मोजलं तर ही मर्यादा ईथरच्या शंभराव्या हिश्श्याच्याही आत येते. म्हणजे जवळपास कुठलाही खरा हप्ता साध्या आकड्यात धरला की शेवटचे अंक गुपचूप गोल होऊ शकतात, आणि मग कॉन्ट्रॅक्ट 'रक्कम जुळत नाही' म्हणून फेटाळतं. बिग-इंट हा प्रकार वापरला की प्रश्न सुटतो. विएम ही आपण घेतलेली लायब्ररी त्याचाच आग्रह धरते. यूएसडीसीसारख्या टोकनाला अठराऐवजी सहाच दशांश असतात, त्यामुळे 'अठरा' हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवणाऱ्याची पुढे फजिती ठरलेली.

पानाच्या सुरक्षेवर मी जरा जास्त पानं खर्च केली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाच्या वेबसाइटमध्ये परका कोड घुसवून वापरणाऱ्यांकडून टोकन काढायच्या परवानग्या घेतल्या गेल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. डिसेंबर २०२३ मध्ये लेजर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीची, अनेक साइटी वापरत असलेली एक एनपीएम लायब्ररी काही तासांसाठी बिघडवली गेली. साइट चालवणाऱ्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. उलट बाजूचं उदाहरण टोर्नेडो कॅश या, व्यवहारांचा माग पुसणाऱ्या सेवेचं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा त्याची वेबसाइट आणि गिटहबवरचा कोड दिसेनासा झाला, पण कॉन्ट्रॅक्ट चालूच राहिलं. ज्यांना पानाशिवाय ते वापरता येत होतं, ते वापरत राहिले. बाकीच्यांच्या दृष्टीने ते बंद पडलं होतं.

असा विचार आपल्या जवळच्या कामांनाही लावून पाहण्यासारखा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉनवर ठेवण्याचं काम २०२२ मध्ये हाती घेतलं गेलं. कल्पना चांगली आहे. बनावट दाखला पकडायला क्यूआर कोड स्कॅन करायचा, नोंद जुळते का पाहायचं. पण चेनवरची नोंद आणि कारकुनाचा डोळा यांच्यामध्ये पुन्हा एक वेबचं पानच असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पानाकडे नेणारा क्यूआर कोड दाखल्यावर छापला, तर चेन त्याला आडवी येत नाही. पडताळणी करणाऱ्याने कोणता पत्ता तपासायचा, तो त्याला कुठून कळणार, हे त्या प्रकल्पातल्या कॉन्ट्रॅक्टइतकंच महत्त्वाचं काम आहे. आणि मुळात चुकीची माहिती भरली गेली, तर ती चूकही तितकीच पक्की होऊन बसते.

चूक दुरुस्त करता यावी म्हणून कॉन्ट्रॅक्ट बदलता येण्याजोगं लिहायची एक पद्धत आहे. पुढे एक पत्ता कायम ठेवायचा आणि मागचा कोड बदलत जायचा. पुस्तकाच्या शेवटी ती दिली आहे, पण भिशीसाठी वापरलेली नाही. मागचा कोड बदलायचा अधिकार कोणाच्या तरी हातात राहतो, आणि दहा जणींची रक्कम मग त्या एकीच्या वॉलेटइतकीच सुरक्षित उरते. बायबिटच्या चोरीत सह्या नेमक्या अशाच बदलावर घेतल्या गेल्या होत्या.

वाचकाला थोडी जावास्क्रिप्ट यावी आणि टर्मिनलची भीती नसावी, एवढीच अपेक्षा आहे. क्रिप्टो विकत घ्यायची कुठेच गरज नाही. सेपोलियाचे ईथर फॉसेट म्हणजे ते वाटणाऱ्या साइटवरून फुकट मिळतात. काही फॉसेट मुख्य चेनवर थोडी शिल्लक मागतात, तिथे न थांबता दुसरा शोधावा. सॉलिडिटीच्या कंपायलरची आवृत्ती प्रत्येक फाइलमध्ये नेमकी लिहिली आहे, ती बदलू नये. शेवटच्या प्रकरणात कॉन्ट्रॅक्टचा मूळ कोड इथरस्कॅनवर जाहीरपणे पडताळून घ्यायचा आहे, आणि आवृत्ती किंवा ऑप्टिमायझरची एखादी सेटिंग वेगळी निघाली तरी ती पडताळणी नापास होते. अभ्यासासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडावं, त्यात नवं वॉलेट बनवावं आणि त्या वॉलेटमध्ये खरा पैसा कधीही आणू नये. घरात आधीपासून कोणाचं वॉलेट असेल तर ते परत मिळवून देणारे त्याचे बारा गुप्त शब्द या संगणकावर टाइप करू नयेत. हे झालं की पहिलं प्रकरण अॅन्व्हिल सुरू करण्यापासून आहे.